इंग्रजी बोला, आधी स्वतःशीच!

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला हुशार विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान वर्गात एकाएकी मुका होतो, हे आम्हा पनवेलच्या अध्यापकांच्या नेहमी पाहण्यात येते. घर्षण म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते, शंकाही नेमकी असते. पण ती इंग्रजीत विचारायची कशी, या धास्तीने तो गप्प बसतो. न विचारलेली शंका म्हणजे विज्ञान शिकण्याची वाया गेलेली संधी होय.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. तरीही बोलणे अडते, कारण पोहण्याचे पुस्तक पाठ करून कोणी विहिरीत तरत नाही. जिभेला व ओठांना सराव हवा. तो एकट्यानेही करता येतो, आणि प्रयोगासारखा करावा, असे माझे मत आहे.

आरसा घ्या. 'व्हेरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. 'विंडो' म्हणताना ते न टेकता ओठ गोल झाले पाहिजेत. आपण दोन्हीकडे एकच 'व' वापरतो. आता तोंडासमोर कागदाची बारीक पट्टी धरून 'पेन' म्हणा. पट्टी हलली पाहिजे. 'स्पून' म्हणताना ती फारशी हलणार नाही.

मग वाक्यांकडे वळा. बादली भरताना, दप्तर आवरताना आपण काय करीत आहोत ते इंग्रजीत मोठ्याने सांगा. पनवेलहून लोकलने निघालात, तर 'द नेक्स्ट स्टेशन इज खांदेश्वर' ही घोषणा ऐका आणि तशीच म्हणा.

आपले बोलणे मोबाइलवर मुद्रित करून ऐका. आवाज परका वाटेल, पण घाबरू नका! बोलताना आपला आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही आपल्या कानात शिरतो. हाडांतून खालचे स्वर चांगले पोहोचतात, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. मुद्रणात फक्त हवेतला आवाज येतो. इतरांना तुम्ही तसेच ऐकू येता.

अर्थात, एकट्याच्या सरावात स्वतःची चूक स्वतःला कळेलच असे नाही. म्हणून आठवड्यातून एकदा शिक्षकांना पाच वाक्ये ऐकवा.

शिक्षकबंधुभगिनींनाही एक विनंती. शंका आधी मराठीत विचारू द्या, उत्तर द्या आणि मग तीच शंका विद्यार्थ्याकडून इंग्रजीत वदवून घ्या. भाषा मागाहून सुधारते. पण दडपलेले कुतूहल पुन्हा जागे करणे फार कठीण असते.