मोर्चा आणि मतपेटी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिवाळीच्या तोंडावर यंत्रमागांचा खडखडाट थांबला, टॉवेलांचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला रवाना झाले आणि बोनसचा हिशेब एकदाचा पुरा झाला, की चहाच्या गाड्यावरच्या गप्पा अपरिहार्यपणे राजकारणाकडे वळतात. यंदाच्या अंकाने विचारार्थ घेतलेला प्रश्न त्या गप्पांतलाच आहे. रस्त्यावरच्या चळवळीने मत फिरते काय, आणि फिरले तर कोणाकडे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आंदोलनांचा अभ्यास करून ओमार वासो या संशोधकाने २०२० साली असे प्रतिपादन केले की, शांततामय निदर्शनांनी गोरा मतदार आंदोलकांच्या बाजूस झुकला, आणि १९६८ च्या दंगलींनी तोच कायदा व सुव्यवस्थेची ग्वाही देणाऱ्या रिपब्लिकन उमेदवार निक्सनकडे सरकला. निष्कर्ष ग्राह्य खरा; परंतु त्यास महाराष्ट्राची एक पुरवणी जोडणे प्राप्त आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दगड भिरकावले गेलेच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. तथापि मोरारजी देसाईंच्या अमदानीत पोलिसांच्या गोळ्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, आणि १९५७ साली पश्चिम महाराष्ट्राच्या मतदाराने जाब विचारला तो दगडाचा नव्हे, गोळीचा.

आमच्या सोलापूरचा दाखला याहून गुंतागुंतीचा आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या स्त्रिया लाल बावट्याखाली वर्षानुवर्षे कलेक्टर कचेरीवर चालत गेल्या; त्या अर्ज-निवेदनांतून आणि ठिय्यांतून याच अक्कलकोट रस्त्यावर पुढे कुंभारीस कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, जिचे हस्तांतरण २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. आणि या चळवळीचे नेते, १९७८, १९९५ व २००४ साली आमदार झालेले नरसय्या आडम मास्तर, २००९ साली पराभूत झाले ते पुन्हा विधानसभेत गेले नाहीत!

यास कृतघ्नता म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. मोर्चात बाई कामगार म्हणून चालते. मतदानास जाताना तिच्यासोबत घरदार, जात, पेठ, सारेच निघते. शिवाय एक निव्वळ दप्तरी बाब आहे. कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर. सबब जिने नव्या पत्त्यावर मतदारयादीत नाव चढविले, तिचे मत मास्तर लढवीत असलेल्या शहर मध्य मतदारसंघातून खारीज झाले, आणि मतदानयंत्रासमोर उभी राहून तिने शोधले असते तरी तिला त्यांचे नाव तेथे सापडले नसते.