विश्लेषण : जमिनीखालच्या वायूला एवढा दाब येतो कुठून?

आंध्र प्रदेशातील पासरलपुडी येथे ८ जानेवारी १९९५ रोजी ओएनजीसीच्या विहिरीतला वायू अनावर होऊन पेटला. आग विझायला ६५ दिवस लागले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोल खोदाई करणाऱ्यांना अशाच दाबाची धास्ती असते.

दाब ‘असामान्य’ कधी?

वालुकाश्म म्हणजे दगड झालेली वाळू. तिच्या कणांमधल्या छिद्रांत पाणी किंवा वायू असतो. ही छिद्रे वरपर्यंत जोडलेली असतील, तर दाब पाण्याच्या स्तंभाइतकाच राहतो : दर १० मीटरला साधारण एक वातावरण. म्हणजे ४ हजार मीटरवर सुमारे ४००. तिथे वरच्या खडकांचे ओझे मात्र ९०० च्या घरात असते. त्यातला मोठा वाटा वाळूचे कण पेलतात. तो छिद्रांतल्या पाण्यावर येऊ लागला, की दाब ४०० च्या बराच वर जातो.

वाट अडते कशी?

दही फडक्यात बांधून वर वजन ठेवले की पाणी गळते आणि चक्का घट्ट होतो. फडक्याऐवजी प्लास्टिकची पिशवी घेतली तर? पाणी आतच राहते आणि वजन त्याच्यावर येते. नद्यांनी आणलेली चिकणमाती भराभर साचली, की तिचे असेच होते. तिच्यातले पाणी वेळेत निसटत नाही आणि मध्ये सापडलेल्या वालुकाश्मालाही तोच दाब बसतो. त्यात खोलवरच्या उष्णतेने सेंद्रिय पदार्थांचा वायू होतो. त्याला जागा जास्त लागते, पण छिद्रे वाढत नाहीत. या खोऱ्यातला राघवपुरम शेल हा थर तर वायूचा उगमही आहे आणि झाकणही.

खोदताना हा दाब रोखायला विहिरीत बराइट मिसळलेला जड चिखल भरतात. (बराइटचा मोठा साठा आंध्रातच, मंगमपेटला आहे.) चिखल हलका पडला तर वायू उसळतो, फार जड झाला तर खडक फुटून चिखलच आत मुरतो. खोल विहिरीत या दोन मर्यादांमधले अंतर फारच थोडे उरते.

दाब जास्त, मग वायूही जास्त?

इथेच गल्लत होते. बंदिस्त कप्प्याला बाहेरच्या पाण्याचा आधार नसतो, त्यामुळे उत्पादन सुरू झाले की दाब झपाट्याने उतरू शकतो. शिवाय छिद्रे नीट जोडलेली नसतील, तर दाब असूनही वायू वाहत नाही. दीनदयाळ क्षेत्राचे उदाहरण बोलके आहे. २००५ मध्ये तिथे २० लाख कोटी घनफूट वायू असल्याचे जाहीर झाले. पुढचा अंदाज त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आला. तिथला ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने २०१७ मध्ये सुमारे एक अब्ज डॉलरना घेतला.

अशा क्षेत्रांतला खर्च पाहून केंद्राने २०१६ पासून तिथल्या वायूला वेगळी, चढी कमाल किंमत दिली आहे.