पाडण्याआधी यादी पाहा
बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची. ती पाडण्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही, कारण तिला केंद्राच्या 1958च्या कायद्याचं कवच आहे आणि 2010च्या दुरुस्तीनं अशा स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकामच निषिद्ध ठरवलं. पण इतिहास काही फक्त संरक्षित स्मारकांत राहत नाही. बेळगावातल्याच रिसालदार गल्लीतल्या भाटे यांच्या घरी 1892 साली स्वामी विवेकानंद उतरले. ते घर आज स्मारक म्हणून उभं आहे, ते रामकृष्ण मिशनच्या हाती आलं म्हणून. प्रत्येक वाड्याचं नशीब असं नसतं. वाडे पाडायला मनाई करा म्हटलं, तर ‘घर आमचं, डागडुजीचा खर्च आमचा, मग बंधन कशाला?’ हा मालकांचा सवाल रास्त आहे. नुसती मनाई करणारा कायदा वाडा वाचवत नाही, त्याला पावसात सडू देतो. मुंबईनं 1995 साली वारसा नियमावली केली, इमारतींच्या श्रेणी ठरवल्या आणि गमावलेल्या बांधकाम-हक्काच्या बदल्यात टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरण्याची, सोय ठेवली. इथंही तेच हवं. शहरापासून सांबऱ्यापर्यंतच्या जुन्या वाड्यांची यादी मालकांशी बोलून करा, आणि पाडकामाच्या परवान्याआधी ती पाहणं सक्तीचं करा.