म्हातारा कुत्रा आणि सरकारी दवाखाना

सातारा-सांगलीकडे पशुसंवर्धन म्हटले की गाय, म्हैस, शेळी, कृत्रिम रेतन आणि दूध संघाचा दर एवढ्यातच चर्चा आटोपते. कुत्र्या-मांजरांचा विषय कोणी काढलाच तर चळवळीतील कार्यकर्तासुद्धा हसतो. बंगलेवाल्यांचे हे चोचले, त्यांचे ते पाहून घेतील, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. या भूमिकेत वर्गीय जाणिवेचा आभास आहे. वस्तुस्थिती मात्र तिच्या नेमकी उलट आहे.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातील मेंढपाळ चाऱ्यासाठी कित्येक महिने मुलखाबाहेर असतो. उघड्या माळावर रात्री त्याच्या वाड्याची राखण कोण करतो? लांडग्याची चाहूल प्रथम कुत्र्यालाच लागते. इकडे कराड, पाटण, शिराळ्याच्या उसात बिबट्या वावरतो आणि त्याच्या तोंडी बहुधा वस्तीवरचा कुत्राच पडतो. कणगीतले धान्य उंदरांपासून वाचवणारे मांजर कोणाच्या हिशेबात नसते, पण त्याचा लाभ घरातील प्रत्येकाला मिळतो. ही सारी जनावरे श्रमिकांचीच आहेत. बंगल्यातल्या कुत्र्याला शहरातला खाजगी दवाखाना आहे. माळावरच्या कुत्र्याला काय आहे?

कुत्रा साधारण सात-आठ वर्षांचा झाला की उतरणीला लागतो. थोराड जातींचे कुत्रे त्याहूनही लवकर. मांजर दहाच्या पुढे म्हातारे समजावे. या वयातील दुखणी गुपचूप येतात. दात किडतात, हिरड्या पिकतात आणि जनावर खाईनासे होते. घरचे म्हणतात, वय झाले. सांधे धरतात, तेव्हाही तेच उत्तर. नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, स्तनांत गाठी येतात. मूत्रपिंडांचे सुमारे तीन-चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन फारसे वाढतच नाही. म्हणजे लक्षणे दिसून धावपळ सुरू होईतो पुष्कळसा काळ हातचा गेलेला असतो. म्हणून सहा महिन्यांतून एकदा वजन, दात, रक्त आणि लघवीची तपासणी करावी, असे शास्त्र सांगते. गोचिडांचा वेळीच बंदोबस्त केला तर गोचीड-तापही टळतो. यात चैनीचे काही नाही. उलट घरातली पॅरासिटामॉलची गोळी मायेपोटी मांजराला देणारे लोक आजही आहेत आणि ती गोळी मांजराला विष ठरते. एवढी साधी माहितीसुद्धा गावोगाव पोचलेली नाही, हा दोष गावाचा नव्हे.

दोष व्यवस्थेच्या दृष्टीत आहे. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने पाच हजार गुरांच्या एककामागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस केली. ती त्या काळी मोलाचीच होती. पण मापच गुरांचे असल्याने पुढची सारी यंत्रणा दूध आणि उत्पादन यांभोवती उभी राहिली. जे जनावर पैसा देते ते नोंदवहीत, जे नुसते राखण करते ते बाहेर. आणि राखणही करता येईना इतके म्हातारे झाले तर त्याचा प्रश्नच उरत नाही. ऊसतोड मजुराची कंबर गेल्यावर मुकादम त्याच्याकडे असेच पाहतो, हे कार्यकर्त्यांना निराळे सांगायला नको.

खंडाळा तालुक्यात शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला नाव आहे क्रांतिसिंह नाना पाटलांचे! त्यांच्या प्रतिसरकारने १९४२ नंतर याच मुलखात गोरगरिबांच्या दारात न्याय नेला. त्या नावाच्या संस्थेतील शिक्षक-विद्यार्थ्यांना दुष्काळी तालुक्यांत नियमित तपासणीसाठी नेण्याची तरतूद शासनाने करावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

शिवाय हा प्रश्न केवळ जनावरांपुरता नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सर्व कुत्र्यापासून होतो. सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली तर त्याची साखळी तुटते, असा जगभरचा अनुभव आहे. भारताने २०३० पर्यंत कुत्र्यामुळे माणसाला होणाऱ्या रेबीजच्या उच्चाटनाचे लक्ष्य ठेवले आहे. लहानपणी एकदा टोचून घेतलेला कुत्रा म्हातारपणी पुन्हा लसीविना राहतो, तेव्हा ही टक्केवारी कागदावरच राहते. धोका पोरांना असतो, आणि ती पोरे बहुधा अनवाणी शाळेत जाणाऱ्यांचीच असतात. कुत्र्यांतील डिस्टेंपर तर रानातल्या लांडग्यापर्यंतही पोचतो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्याचा एक वार कुत्र्या-मांजरांसाठी राखावा आणि रक्ततपासणी नाममात्र दरात व्हावी. लस व जंतनाशक औषध मेंढपाळांना ते मुलूख सोडण्यापूर्वीच मिळावे. आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात माणसे आपण होऊन जमतात. शिबिरासाठी त्याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. ही मागणी पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेत लेखी जावी, आणि तिच्याखाली पहिल्या सह्या मेंढपाळांच्या असाव्यात.