सुडीवरची ताडपत्री

मागच्या ऑक्टोबरात चिखली तालुक्यातल्या उंद्रीला, नात्यातल्या एका काकांकडे मुक्कामी होतो. सोयाबीन सोंगून शेतात सुडी लागली होती. वर ताडपत्री, कडेनं दगड, मळणी यंत्राचा नंबर दोन दिवसांनी. रात्री दीडच्या सुमारास दूर कुठंतरी गडगडलं आणि काका अंथरुणात उठून बसले. पाऊस काही आला नाही, पण काका पहाटेपर्यंत बसूनच होते. सकाळी चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, "पोटात नुसती आग होऊ राह्यली."

"टेन्शन आहे का काका?"

"मले कायचं टेन्शन? पित्त हाय, दुसरं काई नाई."

काका खोटं बोलत नव्हते. आग खरीच होती. गडगडाट कानावर पडला की मूत्रपिंडांवरच्या दोन लहान ग्रंथींना मेंदूचा निरोप जातो आणि अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं. काळीज धडधडतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, लाळ आटते. तोंडचं पाणी पळणं, पोटात गोळा येणं हे आपण उगाच म्हणत नाही. बांधावर साप दिसला असता तर हीच तयारी कामी आली असती. एक उडी, दोन शिव्या, विषय संपला. सुडीपासून मात्र उडी मारून जायचं कुठं? तिच्यामागे सोसायटीचं कर्ज, त्यामागे भाव, त्यामागे मुलीचं लग्न. मग कॉर्टिसॉल नावाचं दुसरं रसायन उतरायचं नावच घेत नाही. झोप तुटते, रक्तदाब आणि साखर चढते, कालचं आठवत नाही, आणि कधी नव्हे तो माणूस भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवतो.

हान्स सेली या शास्त्रज्ञानं 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांचं एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं होतं. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला दमवलं, कुणाला इजा केली. आत मात्र सगळ्यांचं एकच: मूत्रपिंडांवरच्या त्याच ग्रंथी सुजलेल्या, जठरात व्रण. कारणं निराळी, शरीराची ओरड तीच. (म्हणून प्रत्येक पित्त काळजीचंच, असं नव्हे. तंबाखू आणि दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांचाही त्यात वाटा असतो.)

2006 साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांचं पॅकेज आलं, तेव्हा विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत काकांचा बुलढाणाही होता. कर्जाचा, व्याजाचा, सिंचनाचा हिशेब तेव्हा झाला. रात्री दीडला उठून बसणाऱ्याचा हिशेब कुणाच्या वहीत नव्हता. अजूनही तो फारसा नाही, कारण आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. टेन्शन आहे का म्हटलं की बापयमाणूस नाहीच म्हणणार. ते त्याला कमीपणाचं वाटतं. झोप लागते का, जेवण जातं का, असं विचारलं तर तो बोलतो. काका बोलले. तीन आठवड्यांपासून सलग झोप नव्हती, हे काकूंनाही त्या दिवशीच कळलं. त्याच आठवड्यात ते डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब वाढलेला निघाला.

14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सोंगणीच्या दिवसांत गावाकडे फोन कराल तेव्हा सोयाबीनचा उतारा विचारालच. त्याआधी झोप विचारा.