किल्ली आणि नोंदवहीतली ओळ

घर पाहावे बांधून नि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. लग्ने अजून होतात. पण मुंबईसारख्या शहरात स्वतः उभे राहून घर बांधण्याचा योग आता फार थोड्यांच्या वाट्याला येतो. मध्यमवर्गीय माणसाला इथे घर 'लागते'. नोकरी लागते तसे घर लागते. 'त्यांना म्हाडाचे घर लागले,' असे शेजारीण सांगते तेव्हा तिच्या आवाजात थोडे कौतुक, थोडा हेवा आणि 'आपण अर्ज का नाही केला?' असा नवऱ्याला मारलेला टोमणाही असतो.

घर लागण्याचा दिवस मोठा देखणा असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई मंडळाने ४ हजार ८२ घरांची सोडत काढली, तेव्हा लाखाहून जास्त अर्ज आले होते. २०२४ च्या ऑक्टोबरात २ हजार ३० घरांसाठी पुन्हा लाखावर माणसे रांगेत उभी राहिली. मंत्री येतात, यंत्राची कळ दाबली जाते, पडद्यावर नावे झळकतात, कुणी रडते, कुणी पेढे वाटते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. पण सोडतीचा दिवस वर्षातून एखादाच. उरलेले दिवस हे कार्यालय काय करते, याची चौकशी कुणी करीत नाही. आज दिवाळीच्या निमित्ताने आपण ती करू. कारण घर देणाऱ्या संस्थेची खरी परीक्षा त्या उरलेल्या दिवसांतच होते.

या कारभाराला बरीच वर्षे झाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून माणसे पटापट मरू लागली, तेव्हा सरकारला घरांची आठवण झाली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे गव्हर्नर लॉइडच्या काळात, १९२० साली, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या केल्या. त्याच आपल्या बी.डी.डी. चाळी. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ आले. विक्रोळीचे टागोरनगर नि कन्नमवारनगर, घाटकोपरचे पंतनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर या वसाहती म्हणजे हजारो कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांचा संसार. १९७६ चा कायदा झाला आणि १९७७ च्या डिसेंबरात वेगवेगळी मंडळे एका छत्राखाली आली. तेच म्हाडा. आज तिची नऊ मंडळे आहेत आणि मुख्यालय वांद्र्याच्या कलानगरात, गृहनिर्माण भवनात आहे.

या भवनात रोज येणारी माणसे पेढे वाटायला येत नाहीत. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात आणि पिशव्यांत कागद. देकारपत्र, ताबापत्र, भाड्याच्या पावत्या, वडिलांचा मृत्यूचा दाखला, भावाबहिणींची संमती. वडिलांच्या नावावर गाळा होता, ते गेले, आता नाव कुणाचे लावायचे? कुणी म्हणतो, नामनिर्देशन माझ्या नावाचे आहे, म्हणजे घर माझे. तसे नसते. नामनिर्देशन हा वारसा नव्हे; ती फक्त कुणाशी बोलायचे याची सोय. वारस तिघे असतील तर हक्कही तिघांचा. मिळकत व्यवस्थापकाच्या टेबलावर अशी किती भावंडे एकमेकांकडे पाठ करून बसली असतील! कुठे इमारतीची सोसायटी झाली पण अभिहस्तांतरण राहून गेले, म्हणजे जिना रहिवाशांनी झाडायचा नि जमिनीचा कागद मात्र मंडळाकडे. कुठे पाण्याचा पंप बिघडलेला, कुठे सेवाशुल्काची थकबाकी साचलेली. वाण्याच्या वहीत असतात तशा या बारीकसारीक बाबी. पण वाण्याची वही चुकली तर आपले चार रुपये जातात. ही वही चुकली तर डोक्यावरचे छप्पर जाते.

हे शेवटचे वाक्य अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून जुन्या मुंबईकडे, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहराकडे वळू.

इथल्या जुन्या इमारतींची भाडी १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला त्याने आधार दिला यात शंका नाही. पण काही रुपये भाड्यात घरमालक दुरुस्ती करीना, नि घर सोडून जायला भाडेकरूला दुसरी जागा परवडेना. लाकडी तुळया कुजत गेल्या, गॅलऱ्या झुकल्या, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे इमारत पडू लागली. तेव्हा १९६९ चा कायदा आला. इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसला आणि त्या पैशात सरकारची भर घालून दुरुस्ती करणारे मंडळ निघाले. या उपकरप्राप्त इमारती आरंभी १९ हजार ६४२ होत्या. त्यांतल्या १६ हजार ५०२ सप्टेंबर १९४० च्याही आधीच्या. इतक्या म्हाताऱ्या इमारतींना टेकू देत राहायचे, हा या मंडळाचा नित्याचा उद्योग.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मंडळाचे अभियंते इमारतींची पाहणी करतात. मग अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते आणि रहिवाशांना नोटिसा जातात : जागा खाली करा. आणि दरवर्षी काही कुटुंबे जागा खाली करीत नाहीत. आपण वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणतो, 'काय ही माणसे! जिवापेक्षा खोली प्यारी?'

असे म्हणण्यापूर्वी क्षणभर त्या खोलीत जाऊन बसावे. दीडशे-दोनशे चौरस फुटांत तीन पिढ्या. मुलांची शाळा खाली रस्त्यापलीकडे, धाकट्याचे दुकान कोपऱ्यावर, सुनेची नोकरी चालत दहा मिनिटांवर. नोटीस म्हणते, संक्रमण शिबिरात चला. इमारत नवी झाली की परत आणू. ते शिबिर शहराच्या दुसऱ्या टोकाला असू शकते. तेही चालले असते. पण जिन्यात त्याच वेळी दुसरी गोष्ट सांगितली जाते : पलीकडच्या गल्लीतले अमुक तीन वर्षांसाठी म्हणून गेले; त्यांची मुले तिथेच मोठी झाली, नातवंडेही तिथेच जन्मली; त्यांच्या इमारतीच्या जागी अजून काही उभे नाही.

ही गोष्ट खोटी नाही. शिवेच्या प्रतीक्षानगरात अशी शिबिरे आहेत, आणि त्या वस्तीला ते नाव ज्याने दिले असेल त्याला पुढचे दिसत असावे. जुनी जागा अरुंद पडली, रस्त्यात गेली किंवा आरक्षणात अडकली, तर तिथे नवी इमारत होत नाही. मग रहिवाशाचे नाव बृहत्सूचीत जाते. दुसरीकडे कुठे जास्तीची घरे मिळाली, तर या यादीतल्यांना द्यायची असा नियम. नियम चांगला आहे. पण यादीतले नाव पुढे सरकते आहे की मागे, हे रहिवाशाला कळायला मार्ग नसे, आणि कुजबूज मात्र चारी बाजूंनी होई. या यादीतल्या पात्र २६५ जणांसाठी पहिल्यांदा संगणकीय सोडत निघाली ती २०२३ च्या डिसेंबरात!

दरम्यान शिबिरांत काय झाले? मूळचे रहिवासी एक. त्यांच्याकडून मुखत्यारपत्रावर खोली विकत घेतलेले दुसरे. आणि रिकामी खोली दिसली म्हणून शिरलेले तिसरे. कोण कोणत्या प्रकारातला, हे ठरवण्यासाठी बोटांचे ठसे घेऊन सर्वेक्षण करण्याची वेळ आली. नोंद वेळच्या वेळी ठेवली असती तर एवढा खटाटोप कशाला पडता? आधी मोकळे सोडायचे नि मग शोधत बसायचे, याला कारभार म्हणत नाहीत.

तेव्हा धोकादायक इमारतीतला माणूस अडाणी नाही. तो हिशेब करतो. इथे माझे नाव आहे. पडका असला तरी कागद आहे. तिथे गेलो तर या वहीतून उठलो आणि त्या वहीत बसलो की नाही कुणास ठाऊक. मरणाची भीती एका बाजूला आणि बेघर होण्याची दुसऱ्या बाजूला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, दोन दिवसांपूर्वीच्या धुवाधार पावसानंतर, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तिसांहून जास्त माणसे गेली. ती इमारत धोकादायक ठरलेली होती. तरीही माणसे आत होती. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, ती विटांची, तुळयांची, परवानग्यांची. करायला हवीच. पण आणखी एक प्रश्न विचारायला हवा : निघून गेलो तर परत येऊ, असा भरवसा या माणसांना कुणी दिला होता का?

भरवसा देता येतो, याचा दाखला बी.डी.डी. चाळींतच मिळतो. त्यांच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले, पण रहिवासी खोल्या सोडायला राजी होईनात. पिढ्यान् पिढ्या जिथे काढल्या ती जागा कुणाच्या शब्दावर सोडायची? मग नव्या इमारतीतला गाळा क्रमांक चाळ सोडण्याआधीच सोडतीने ठरवण्याचा आणि रीतसर करार करून देण्याचा मार्ग निघाला. तुमचे घर अमुक मजल्यावर, अमुक क्रमांकाचे, हे कागदावर आले. मग कुलपे लागू लागली, सामान हलू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांच्या हातात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या पडल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत! या यशाचे श्रेय काँक्रीटला द्या, यंत्रांना द्या, पुढाऱ्यांना द्या. पण थोडे त्या आधी दिलेल्या क्रमांकालाही द्या.

मोठ्या इमारती बांधायला पैसा लागतो आणि तो सरकारजवळ नेहमीच पुरेसा नसतो, हे मान्य. पण नोंद चोख ठेवायला फारसा पैसा लागत नाही. यादी दर महिन्याला भिंतीवर लावायला, नावाचा क्रमांक का बदलला ते एका ओळीत लिहायला, शिबिरात जाणाऱ्याच्या हातात 'आपली मूळ खोली अमुक, तिच्याबद्दल आपला हक्क अमुक' असा सही-शिक्क्याचा कागद द्यायला कितीसा खर्च येतो? ही कामे करणारा कारकून छायाचित्रात कधी येत नाही. त्याच्या खिडकीशी आपण फक्त तक्रार घेऊन जातो. पण त्याने आज नीट लिहिलेली ओळ पंधरा वर्षांनी एखाद्या म्हातारीला तिच्या घरी परत आणते, आणि त्याने आळसाने सोडलेली ओळ तिला शिबिरातच ठेवते.

आपण वाचकांनीही यात थोडा भार उचलायला हवा. घरात कुणी गेले तर नाव लावण्याचे काम तेरावे झाल्यावर 'बघू' म्हणून टाकू नये. एकदा टाकले की ते पुढच्या पिढीच्या भांडणापर्यंत टिकते. भाड्याची नि उपकराची पावती रद्दीत घालू नये. सोसायटीच्या वार्षिक सभेत चहा-बिस्किटांच्या आधी अभिहस्तांतरणाचे काय झाले, हे विचारावे. आणि पुढच्या वेळी कुणी मंत्री किल्ल्यांचा जुडगा उंचावून दाखवील, तेव्हा टाळ्या जरूर वाजवाव्यात; पण टाळ्या थांबल्यावर एवढे विचारावे, की ज्यांची नावे अजून वहीत आहेत, त्यांची पाने कुणी उलटतो आहे ना?

लक्ष्मीपूजनाला व्यापारी चोपड्यांची पूजा करतो, कारण आपला संसार त्या पानांवर चालतो हे त्याला माहीत असते. घरे देणाऱ्या कार्यालयांनीही वर्षातून एक दिवस आपल्या नोंदवह्या अशाच बाहेर काढाव्यात, झटकाव्यात, आणि प्रत्येक नावापुढे आज ते माणूस कुठे राहते आहे ते लिहावे. त्या दिवशी एकही किल्ली वाटली गेली नाही तरी चालेल.