विद्येला आसरा देताना

विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे व पदव्या देणारे एक कार्यालय, की विद्येशी बांधिलकी मानणाऱ्या माणसांचा समाज? शांततेच्या काळात हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. परंतु कोठेतरी सत्ता उलटते, युद्ध पेटते, एखाद्या अध्यापकाला त्याच्या धर्मामुळे वा मतांमुळे वर्गाबाहेर काढले जाते आणि त्याचे पत्र दूरच्या एखाद्या विद्यापीठाकडे येते. त्या पत्राला काय उत्तर मिळते, यावरून त्या विद्यापीठाची खरी ओळख पटते.

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीतील नाझी सरकारने सरकारी सेवेसंबंधी एक कायदा केला. त्यामुळे ज्यू आणि राजकीय विरोधक असलेल्या अनेक प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक विल्यम बेव्हरिज यांना ही वार्ता व्हिएन्नात असताना कळली. मायदेशी परतून त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने मे महिन्यातच ‘अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल’ उभी केली. शास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफोर्ड तिचे अध्यक्ष झाले. बेव्हरिज यांच्या संस्थेतील अध्यापकांनी आपल्या पगारातील काही भाग या कार्यासाठी दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’ने निर्वासित अभ्यासकांसाठी स्वतंत्र विभाग काढला, तर इस्तंबूल विद्यापीठाने अनेक जर्मन प्राध्यापकांना बोलावून घेतले. मारबुर्गमधून काढले गेलेले एरिक आउअरबाख इस्तंबूलला पोहोचले आणि ‘मिमेसिस’ हा साहित्यसमीक्षेतील महत्त्वाचा ग्रंथ त्यांनी तेथेच लिहिला.

या कार्याचे समर्थन करताना बहुधा असेच दाखले दिले जातात. आसरा दिला म्हणून नोबेल मिळाले, ग्रंथ मिळाले, शोध लागले, असा हिशेब मांडला जातो. हिशेब खोटा नाही. परंतु समर्थन म्हणून तो अपुरा आहे, असे मला वाटते. भारतातील एक प्रसंग पाहिल्यास हे स्पष्ट होईल.

गटिंगनमधून बाहेर पडावे लागलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न १९३५-३६ च्या सुमारास काही महिने बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होते. संचालक सी. व्ही. रामन यांनीच त्यांना बोलावले होते व त्यांना कायम पद मिळावे, असा त्यांचा प्रयत्न होता. त्याला विरोध झाला. स्वतःच्या देशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परकीय आपल्याला नको, अशा अर्थाचे उद्गार सभेत एका प्राध्यापकाने काढल्याचे बॉर्न यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. बोलणारे गृहस्थ स्वतः इंग्रज होते! बॉर्न पुढे एडिंबरोला गेले आणि १९५४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही हकीकत वाचून आपण त्या प्राध्यापकाच्या अदूरदृष्टीला हसतो. पण बॉर्न खरोखरच दुय्यम दर्जाचे असते, तर ते उद्गार योग्य ठरले असते काय? ठरले नसते. माणसाचा छळ होतो तेव्हा त्याची गुणवत्ता हा पहिला प्रश्न असू शकत नाही. लहान गावच्या महाविद्यालयात व्याकरण शिकवणाऱ्या अध्यापकाला तुरुंगाची भीती पडली, तर त्याची भीती एखाद्या कीर्तिमान शास्त्रज्ञाच्या भीतीहून कमी नसते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. आपल्याच देशातील उच्चशिक्षित तरुण तासिका तत्त्वावर राबत असताना परक्यांना जागा का द्यावी? हा आक्षेप टाळून चालणार नाही. परंतु त्याचे उत्तर १९३३ मध्येच मिळालेले आहे. कौन्सिलने विद्यापीठांच्या नेहमीच्या पदांत वाटा मागितला नाही. वेगळी वर्गणी जमवून तिच्यातून ठरावीक मुदतीचे अनुदान दिले. आसऱ्याचा निधी स्वतंत्र असेल, तर स्थानिक तरुणाच्या ताटातील घास काढून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मात्र त्या कौन्सिलचा भर नाव झालेल्या अभ्यासकांवर होता. विद्यार्थ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा पुण्यासह भारतातील अनेक शहरांत अफगाण विद्यार्थी शिकत होते. भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा त्याच महिन्यात रद्द ठरले. सुटीत घरी गेलेल्यांचा वर्ग इकडे भरत राहिला आणि ते तिकडे अडकले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अफगाण स्त्रियांना विद्यापीठांचे दरवाजे बंद झाले. देश सोडता येणे हेच ज्यांच्या नशिबी नाही, त्यांना परदेशातील पद वा वसतिगृह काय कामाचे?

विद्यार्थी मित्रहो, येथे आपल्या शिक्षणपद्धतीचा संबंध येतो. विद्यार्थी विद्यापीठापर्यंत येऊ शकत नसेल, तर विद्यापीठाने त्याच्यापर्यंत जावे, हे दूरशिक्षणाचे मूळ तत्त्व आहे. रॉबेन बेटावरील तुरुंगातील राजबंद्यांपैकी कित्येकांनी साउथ आफ्रिका विद्यापीठाचे शिक्षणक्रम टपालाने पूर्ण केले. नेल्सन मंडेला यांना कायद्याची पदवी याच विद्यापीठाकडून १९८९ मध्ये, कैदेत असतानाच मिळाली. ‘युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल’ हे ऑनलाइन विद्यापीठ आज अफगाण स्त्रियांना शिष्यवृत्त्या देऊन घरबसल्या शिकवीत आहे.

असे शिक्षण सोपे नाही. इंटरनेट तुटते, नाव उघड झाले तर जिवाला धोका असतो आणि पूर्वीची गुणपत्रिका बंद पडलेल्या कार्यालयात अडकलेली असते. म्हणून सहानुभूतीचे ठराव पुरेसे नाहीत. नियम बदलावे लागतात. कागदपत्रे अपुरी असलेल्या निर्वासितांची मुलाखत घेऊन त्यांच्या शिक्षणाची पडताळणी करण्याची पद्धत युरोपीय परिषदेने २०१७ पासून अवलंबली आहे. आपल्याकडील मुक्त विद्यापीठांनाही तशी सोय करता येईल. शुल्कमाफी, नावाची गुप्तता आणि परीक्षेच्या तारखांत लवचीकता एवढे केले, तरी अनेकांचे शिक्षण वाचेल.

नोकरी, शेती, संसार सांभाळून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना शिक्षण मध्येच तुटणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे. आपले शिक्षण परिस्थितीने तोडले. त्यांचे बंदुकीने तोडले आहे. तुटलेला धागा पुन्हा जोडून देण्यासाठी मुक्त विद्यापीठे निर्माण झाली. मग तो धागा जोडताना देशाची सीमा आड येऊ देण्याचे कारण मला तरी दिसत नाही.